बंद पंख्याखालची खुर्ची

सोमवार, ४

संपादकांनी आज बोलावून घेतलं. चित्रपटांवर लिहिणारे आमचे गृहस्थ आजारपणाच्या रजेवर गेले आहेत (आजार कुणाचा, हे अर्जात नाही), आणि शुक्रवारी लागलेला तो दहशतवादावरचा हिंदी थरारपट शहरात धुमाकूळ घालतो आहे. "समीक्षा नको," संपादक म्हणाले, "लोक काय म्हणतात ते हवं. रोज तीनचा खेळ बघा, सुटताना दारात उभे राहा, विचारा, लिहा." मी म्हटलं, साहेब, मी संस्कृतचा माणूस. बावीस वर्षं व्याख्यानांची वृत्तं आणि मृत्युलेख, यांपलीकडे माझी धाव गेली नाही. "मग बरोबर आहे की. याही सिनेमात माणसं मरतातच."

संपादकाचा विनोद पदावरून ओळखायचा असतो. हसलो.

बायको शाळेत गणित शिकवते. तिला प्रत्येक बातमी उदाहरणासारखी दिसते आणि उत्तर तयार असतं. "तीन तास गार हवेत बसणार म्हणजे तुमचं सायनस. मफलर न्या. आणि ते बूट बदला एकदाचे."

मंगळवार, ५

तिकिटाची रांग पार कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत. तिच्या शेपटाला उभा राहून मी वैराग्याचा विचार करत होतो, तेवढ्यात बाजूच्या लोखंडी दारातून एका म्हाताऱ्यानं हाक मारली. "तुम्ही पेपरातले ना? आमचा ऑपरेटर गेला तेव्हा बारा ओळी लिहिल्या होत्यात. मला पाठ आहेत." म्हणूनही दाखवल्या. मृत्युलेख पाठ असलेला वाचक मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला.

हा इथला बॅटरीवाला. अंधारात लोकांना खुर्चीपर्यंत नेतो म्हणून सगळे त्याला काजवा म्हणतात. खरं नाव हजेरीपटालाच ठाऊक. एका डोळ्यात मोतीबिंदू, पण त्याचं म्हणणं असं की या कामाला डोळे लागतच नाहीत. "बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची नाही, साहेब. पायांवर मारायची. कोण कुणाबरोबर आलंय ते बघणं आपलं काम नव्हे. मी माणूस बुटांवरून ओळखतो. तुमच्या डाव्या बुटाला अंगठ्याशी भेग आहे." राहतो पडद्यामागच्या खोलीत, एकटाच. पस्तीस वर्षं सगळे सिनेमे त्यानं मागच्या बाजूनं पाहिले आहेत. "त्यामुळं मला सगळे हिरो डावखुरे."

त्यानं मला बाजूच्या दारानं आत घेतलं आणि भिंतीकडेच्या एका खुर्चीवर बसवलं. तिची स्प्रिंग वर आली आहे, म्हणून तिचं तिकीट कधी विकतच नाहीत. अट एकच: मॅनेजरला कळता कामा नये. फुकट माणूस आत सोडल्याची एक तक्रार त्याच्या नावावर आहे; दुसरी झाली की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर खोली. "मग या वयात मी सिनेमा समोरून बघायला शिकू का?" मी शब्द दिला.

चित्रपट असा: सहा स्फोट, आणि एका पोलिसाची सातवा टाळण्याची धडपड. पहिला स्फोट चित्रपटगृहातच होतो. एक माणूस कडेच्या खुर्चीवर बसतो, पिशवी पायांशी सरकवतो, जरा वेळानं उठून जातो. मग पडदा पांढरा होतो, आवाज होतो आणि मध्यंतर. दिग्दर्शक मोठा कल्पक: चित्रपटगृहातल्या माणसाला चित्रपटगृहाचंच भय घालतो. दिवे लागले की लोक आधी म्हणे खुर्चीखाली वाकून बघतात. भयानक रस इतका स्वस्तात निष्पन्न झालेला आमच्या आचार्यांनीही पाहिला नसेल.

गुरुवार, ७

कामाची रीत बसली. दिवे गेले की खुर्च्या चाचपत आत जायचं. मफलर कानांवरून नाकापर्यंत. ऑफिसचा रेकॉर्डर असलेली काळी रेक्झिनची पिशवी खुर्चीखाली सरकवून यंत्र सुरू करून ठेवायचं, कारण संपादकांना प्रेक्षकांचा 'श्वास' हवा आहे. घशासाठी गोळी तोंडात. चित्रपट आता पाठ झाला, तेव्हा पडद्याकडे पाठ करून मी लोकच बघतो: कोण दचकलं, कोण रडलं, दारात कुणाला गाठायचं. मध्यंतराच्या मिनिटभर आधी पिशवी उचलून बाहेर, चहाच्या खिडकीशी. अंधार झाला की पुन्हा आत, शेवटाच्या आधी पुन्हा बाहेर. दारात मफलर खिशात, कारण वार्ताहर रुग्ण दिसला तर लोक मत सोडून औषध सांगतात.

गंमत अशी की हे थिएटर मी उजेडात एकदाही पाहिलेलं नाही. अंधारात जातो, अंधारात येतो. गर्भवास असाच असावा.

आजची मतं. एक शिंपी: "पहिला अर्धा भाग झकास. शिवण कुठंय ते दिसतच नाही. पुढं मात्र नुसती टाचणी मारलीय." दवाखान्यातला एक कंपाउंडर: "रक्ताचा रंग चुकला. एवढं लाल नसतं." निवृत्त मुख्याध्यापिका: "मी वाकून खुर्चीखाली पाहिलं. शेजारच्या गृहस्थांनीही पाहिलं. आमची डोकी आपटली. आता आम्ही एकमेकांशी बोलतो." शास्त्रात ज्याला सहृदय म्हणतात तो अखेर मला सापडला. पॉपकॉर्न खात होता.

शनिवार, ९

शिंपी आज दुसऱ्यांदा आला होता. मत देऊन झालं, निघाला, पाच पावलं गेला आणि परत आला.

"एक सांगू? लिहू नका मात्र."

"बोला."

"आत एक माणूस आहे. परवाही होता. सिनेमा बघत नाही तो. आपल्याकडं बघतो."

मी विचारलं, कसा दिसतो? म्हणाला, तोंड झाकलेलं असतं. उंच आहे. बसतो त्या बंद पंख्याखाली.

हसण्यावारी नेलं. पण पाठोपाठ कंपाउंडर आला (याचीही दुसरी खेप, रक्त पुन्हा तपासायला आला असावा) आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "तो पंख्याखालचा कोण हो? पायांशी लाल ठिपका चमकतो त्याच्या."

रविवार, १०

लिहू नका म्हणाला होता, म्हणून नाव न घालता लिहिलं. संपादकांनी मथळा दिला: 'पडद्याकडे पाठ करून बसणारा'. स्वतः फोन करून म्हणाले, "आता रंग भरला. हाच धागा धरा."

धागा धरला, तर दारात लोकच माझ्याकडे धावत आले. चित्रपटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कॉलेजातल्या दोन मुली म्हणाल्या, तिशीचा आहे, दाढीचे खुंट आहेत. मुख्याध्यापिकाबाईंच्या मते एका पायानं लंगडतो, खुर्च्यांना धरून धरून चालतो. एक जण म्हणाला, अंधारात कागद कुरकुरल्याचा आवाज येतो त्याच्याकडून, आणि मग औषधासारखा वास. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत: पडद्यावर तो पिशवीवाला उठला की हाही उठतो, आणि स्फोटाच्या आधी निघून जातो.

ही थाप आहे एवढं मी छातीठोक सांगू शकतो. त्या वेळी मी स्वतःच दारातून बाहेर पडत असतो. माझ्याखेरीज दुसरं चिटपाखरूही बाहेर येत नाही.

अंधारात दोरीचा साप होतो हे आम्ही कोवळ्या वयात शिकलो. पण त्यासाठी दोरी तरी लागते. इथं दोरी कुठंय?

बुधवार, १३

आज आत बसलेलो असताना एक विचित्र अनुभव आला. नेहमीसारखा वळून लोकांकडे बघत होतो. पडद्यावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर हलत होता, आणि मला जाणवलं की त्यातले पुष्कळ चेहरे पडद्याकडे नव्हतेच. ते माझ्या दिशेला वळलेले होते. पांढरे, हलत नाहीत, डोळ्यांत उजेडाचे ठिपके. मी सावकाश मागं वळून पाहिलं. भिंत. म्हणजे एवढे लोक भिंतीकडे बघत होते. माझ्या आजूबाजूच्या तीन-चार रांगा रिकाम्या. मी गोळीचा कागद सोडवला, आणि त्या बारीकशा आवाजानं समोरची एक बाई उठून लांब जाऊन बसली. 'तो' नक्की माझ्याच आसपास कुठं तरी होता. मला दिसला नाही एवढंच.

बाहेर मॅनेजरनं गाठलं. हा गृहस्थ उभा असतानाही बसल्यासारखा दिसतो. "तुमच्या लेखानं माझी झोप उडवली. आज मशिनच्या खोलीच्या झरोक्यातून मी डोकी मोजली. तिकिटं फाडली एकसष्ट, डोकी बासष्ट. एक बिनतिकिटाचा आहे."

मी म्हटलं, उद्या मी दारात उभा राहून मोजतो.

गुरुवार, १४

मोजली. दारातून नव्हे, माझ्या खुर्चीतूनच (ते मॅनेजरला सांगायचं नाही). रांगेनं, दोन वेळा. अठ्ठेचाळीस. फाडलेली तिकिटंही अठ्ठेचाळीस. मॅनेजरला निर्वाळा दिला की कुणीही जास्तीचा नाही.

त्यानं रुमालानं मान पुसली. "मी वरून आताच मोजली. एकोणपन्नास." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तो तुम्हाला दिसत नाही."

घरी येताना जिन्यात दिवा लागायला दोन क्षण उशीर झाला, तेवढ्यात मी भिंतीला टेकलो. एकावन्नाव्या वर्षी.

शुक्रवार, १५, सकाळ

काल निघताना काजव्यानं बाजूच्या दारात माझी बाही धरली. "साहेब, थोडे दिवस येऊ नका."

"का हो काका? मला काही होईल म्हणता?"

त्यानं बाही सोडली. मग म्हणाला, "लिहू तरी नका."

मला भरून आलं. माझ्या जिवाची इतकी काळजी संपादकांनी बावीस वर्षांत केली नाही. त्याला समजावलं की लोकांना सावध करणं हे आमचं कामच आहे, आणि तुमचं नाव कुठंही येणार नाही. त्यानं बॅटरी माझ्या बुटांवर धरली, बराच वेळ. "भेग वाढली," एवढंच बोलला.

शुक्रवार, १५, संध्याकाळ

घडायचं ते घडलं. मध्यंतराला पाच मिनिटं असताना कुणी तरी ओरडलं, "लाल दिवा! लाल दिवा बघा!" आणि सगळं थिएटर उठलं. मीही पिशवी छातीशी धरून धावलो. अंधारात माणसांचा लोंढा म्हणजे काय ते आज कळलं. त्याला तोंड नसतं, नुसती कोपरं असतात. मुख्याध्यापिकाबाई पायरीवरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मी सवयीनं मफलर खिशात कोंबला आणि त्यांना रस्त्यावर बसवून पाणी दिलं. त्या माझा हात घट्ट धरून म्हणत होत्या, "तो माझ्या मागोमागच धावत होता हो. त्याचा श्वास ऐकू येत होता मला."

पोलिसांनी खुर्च्या पालथ्या घातल्या. स्फोटक काही मिळालं नाही. रस्त्यावर सगळ्यांना मोजलं, चेहरे पाहिले. 'तो' त्यात नव्हता.

शनिवार, १६

काजव्याला ठाण्यात नेलं.

मॅनेजरनं सांगितलं की बिनतिकिटाचा माणूस आत येतो तो बाजूच्या दारानंच, आणि त्याची किल्ली एकट्या काजव्याकडे. फौजदारानं विचारलं, रोज कुणाला आत सोडतोस? काजवा म्हणाला, "मी तोंडं बघत नाही." तेच तेच. दुसरं अक्षर नाही. त्याच्या खोलीला कुलूप ठोकलं आहे. खाट, पेटी, कंदील, सगळं आत. आज तीनचा खेळ झाला तेव्हा पडद्यामागं कुणी नव्हतं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मला एक प्रश्न सतावतो. तो माझ्याबद्दल का बोलत नाही? वार्ताहराला आत घेतो म्हणाला असता, तर निदान एक माणूस तरी हिशेबात लागला असता. पण मग नोकरी गेली असती, हेही खरं. बिचारा दोन्हीकडून अडकला आहे. मी जाऊन सांगावं का? पण मी शब्द दिला आहे. शिवाय माझं सांगून त्या दुसऱ्या माणसाचा पत्ता थोडाच लागणार.

सोमवार, १८

हे लिहिणं जड जातं आहे. क्रमानं लिहितो.

फौजदारानं सकाळी बोलावलं. दारात लोकांनी मला सांगितलेलं सगळं त्याला जागेवर ताडून पाहायचं होतं. सकाळी अकराला थिएटरचे सगळे दिवे लावले होते. मी पहिल्यांदा उजेडात आत गेलो. एवढंसंच आहे ते. भिंतींना ओल, छताला जुने पंखे, त्यातला एकच बंद, पाती काढलेला. त्याच्या खाली, भिंतीकडेला, एक खुर्ची.

फौजदार म्हणाला, "बसा जरा. लोक म्हणतात तसं दिसतं का बघू."

बसलो. स्प्रिंग टोचली.

फौजदार वाकला होता. खुर्चीखालून त्यानं हिरवे कागद गोळा केले, बारा-पंधरा असतील, आणि एक निळं पेनाचं टोपण. "हा खोकणारा माणूस आहे," तो म्हणाला. "आणि लिहिणारा." माझा हात कोटाच्या खिशात होता. खिशात त्याच हिरव्या कागदांचं पाकीट होतं, आणि बोटं त्यावर आवळली गेली, आवाज होऊ नये म्हणून. टोपण नसलेलं पेन वरच्या खिशात होतं. समोर मोकळ्या खुर्च्यांच्या रांगा माझ्याकडे बघत होत्या.

मी काही बोललो नाही. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. फौजदारानं विचारलं, काही सुचतंय का? मी म्हटलं, नाही.

घरी आलो. बायकोनं चेहरा बघून चहा टाकला. सगळं सांगितलं: एकसष्टचे बासष्ट, माझे अठ्ठेचाळीस, त्याचे एकोणपन्नास. तिनं मध्येच थांबवलं.

"तुम्ही स्वतःला मोजलंत?"

मी कप खाली ठेवला.

"आपल्या मुलीला लहानपणी दहा वेळा सांगितलीत ती गोष्ट," ती म्हणाली. "दहा जण नदी उतरून येतात, जो तो नऊच मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतात. तुम्हीच ती संस्कृतमध्ये म्हणून दाखवायचात, डोळे मिटून."

"त्या गोष्टीत शेवटी आनंद होतो," मी म्हटलं.

"त्या गोष्टीत कुणाला ठाण्यात बसवलेलं नसतं."

मफलर दाराच्या कडीला लटकत होता. आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की ती त्याच्याकडे बघते आहे.

मंगळवार, १९

फौजदाराला सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "कालच का नाही बोललात?" मग मॅनेजरला सांगितलं की हट्ट माझा होता, म्हाताऱ्याचा नाही, आणि त्याला काढलंत तर तेही छापीन. ही धमकी होती. शोभली नाही, पण लागू पडली. मग संपादकांना. ते आधी चिडले, मग खुर्चीत पुढं सरकले. "लिहा. पहिल्या पानावर."

गुरुवार, २१

छापून आलं. पहिलं वाक्य: 'बंद पंख्याखाली बसणारा तो माणूस मी आहे.' बावीस वर्षांत मी लिहिलेलं एवढं सरळ वाक्य दुसरं नाही. मफलर, गोळ्या, काळी पिशवी, रेकॉर्डरचा लाल दिवा, मध्यंतराआधी उठणं, सगळं तपशिलात दिलं. माझा मफलरातला फोटोही छापला.

काजवा संध्याकाळी सुटला. खोली उघडून मिळाली. भेटायला गेलो तर खाटेवर बसून बॅटरीची काच पुसत होता. पलीकडे चित्रपट चालू होता. लाकडी भिंतीतून स्फोट आला, कंदिलाची काच किणकिणली, त्यानं मान वर केली नाही.

"काका, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"बूट एकच होते की."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही सगळ्या गावाला विचारत होतात," तो म्हणाला. "मला विचारलंच नाहीत."

मुख्याध्यापिकाबाईंकडेही जाऊन आलो. प्लॅस्टरवर सही मागितली. माझा श्वास ओळखीचा वाटतो म्हणाल्या.

मंगळवार, २६

सदर बंद झालं, मी पुन्हा मृत्युलेखांत सुखरूप आहे. गुरुवारी काजव्याला भेटलो, त्यानंतर थिएटरकडे फिरकलो नाही. मॅनेजरनं मात्र संधी साधली: त्या खुर्चीवर पांढरी खोळ घालून 'वार्ताहर' अशी पाटी लावली आहे म्हणे, आणि कधीही या, बाजूच्या दारानंच या, असा निरोप आहे. लोक आता त्या खुर्चीकडे बघून हसतात. एका शहराचं भय मी एका लेखात घालवलं, असं संपादक म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज भाजी घेताना शिंपी भेटला. म्हणाला, "काल मी पुन्हा गेलो होतो सिनेमाला. तुम्हाला पाहून हात केला. सगळे जण तुम्हाला बघून खुशीत होते. ओळख दाखवली नाहीत ती?" मी म्हटलं, अहो, काल मी दिवसभर एका प्राचार्यांच्या निधनात होतो. तो डोळा मिचकावून म्हणाला, "असं होय. गुपचूप जाता."

कीर्ती म्हणतात ती हीच. माणूस नसतो तिथंही दिसतो.

शनिवार, ३०

वेळ लिहून ठेवतो. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. तारीख-वेळ कुठं तरी नोंदलेली असावी म्हणून हे.

मी आंघोळ करून आलो तेव्हा बायको फोन ठेवत होती. "काजवेकाकांचा होता. काल तुम्ही पिशवी विसरून आलात म्हणे खुर्चीखाली. त्यांनी उचलून आपल्या खोलीत खाटेखाली ठेवलीय. जड आहे, म्हणाले. सावकाश न्या, घाई नाही."

"काल?"

"आणि म्हणाले, साहेबांनी शेवटी नवे बूट घेतले, बरं झालं." ती माझ्या पायांकडे बघत होती. "कधी घेतलेत?"

माझे बूट दाराशी आहेत. डाव्याला भेग. काळी पिशवी समोर खुंटीला आहे, तिच्यावर मफलर.

थिएटरचा फोन वाजतो आहे, कुणी उचलत नाही. शनिवार आहे, तीनच्या खेळाला रांग लागली असेल. काजवा खेळाआधी पाठ टेकतो, खाटेवर. बायकोनं आता ठाण्याला लावला आहे. ती एकेक शब्द सुटा करून सांगते आहे, फळ्यासमोर उभी असल्यासारखी: बंद पंख्याखालचा माणूस, मफलर, काळी पिशवी. पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येतो.

"अहो बाई, घाबरू नका," तो हसत म्हणतो आहे. "तो आपला पेपरवाला."

दोन अठरा. निघालो.